कॉलेज, दुकान आणि पत्र्याचं शेड

जुनी गाडी सगळी खोलून परत जोडली की एखादा तरी नटबोल्ट हातात उरतोच. गाडी सुरू झालेली असते, पळतही असते, पण हा कुठला ते काही केल्या आठवत नाही. फेकवत नाही म्हणून तो डब्यात जातो. किस्स्यांचंही तसंच आहे. घडतात तेव्हा बोंबाबोंब झालेली असते, मग ते कुठंतरी पडून राहतात आणि एक दिवस बघावं तर डबा भरलेला!

आमच्या डब्याचा पत्ता म्हणजे परभणीतल्या आमच्या घराच्या बाजूचं पत्र्याचं शेड. अप्पांनी ते पाहुण्यांच्या गाड्यांसाठी घातलं होतं. आता पाहुणे गाडी रस्त्यावर लावतात, कारण शेडात मी आणि वैभव असतो. वैभव माझ्याच वर्गातला. बी.कॉम. करतो, रोज ताडकळसहून बसने येतो. सकाळी आमचं कॉलेज. दुपारी मी एका बी-बियाण्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करतो, तो टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. संध्याकाळी त्याची बस सुटायच्या आत जेवढं होईल तेवढं शेडातलं काम. अप्पा पौरोहित्य करतात, आई शाळेत शिकवते. पोरात हे गाड्यांचं वेड कुणाकडून आलं, यावर दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात!

*

सुरुवात अप्पांच्या जुन्या स्कूटरपासून झाली. कार्बोरेटर चोंदला होता. लिंबाच्या पाण्यात उकळला की आरशासारखा निघतो, असं वैभवने मोबाईलवर बघितलेलं. आई शाळेत होती. मोठं पातेलं सापडेना म्हणून आम्ही कुकर घेतला आणि झाकण न लावता गॅसवर ठेवला.

उकळी फुटली आणि नेमकी आई दारात! शाळा लवकर सुटली होती. खांद्याची पर्स खांद्यावरच ठेवून ती ओट्यापाशी आली आणि कुकरमध्ये डोकावली. आत काळपट पाणी, लिंबाच्या फोडी आणि मधोमध गटांगळ्या खाणारा कार्बोरेटर. वैभव हळूच माझ्या मागं सरकला.

आईने झाकण उचललं आणि शांतपणे विचारलं, "याला शिट्ट्या किती द्यायच्या?"

*

कॉलेजात हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं. रोज पॉलिश पेपर घासून माझ्या अंगठ्याच्या रेषाच गेलेल्या. मी अंगठा ठेवायचो, मशीन म्हणायचं, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ मी रोज प्रयत्न करायचो. महिनाअखेरीस हजेरी शून्य!

सरांनी बोलावलं. मी म्हटलं, "सर, मी रोज येतो."

"मला दिसतोस रे," सर म्हणाले. "मशीनला दिसत नाहीस, त्याला मी काय करू?"

शेवटी ऑफिसातल्या क्लार्कने एकेक करून माझी सगळी बोटं मशीनवर ठेवून बघितली. उजव्या हाताची करंगळी तेवढी शाबूत निघाली. तीच नोंदवली. दुसऱ्या दिवशी मी मशीनसमोर करंगळी पुढं करून उभा, मागं सर.

"वा! करंगळी दाखवून वर्गाबाहेर जाणारे आजवर लय बघितले. करंगळी दाखवून आत येणारा तू पहिलाच!"

*

दुकानात असलो तरी डोकं शेडातच असतं. एकदा स्कूटर सारखी पेट्रोल ओव्हर मारायला लागली होती, चोक उघडा राहिला की मारते तशी. मी बिलं करत होतो, पण मनात तिचाच हिशोब चाललेला. तेवढ्यात बोरी गावचे एक काका काउंटरला टेकले. हातात दोन-तीन पानं.

"बाळा, पिवळं पडायलंय बघ सगळं. काय करू?"

मी मान वर न करता विचारलं, "चोक बंद करून बघितला का?"

मालकांनी चष्मा काढला. काकांनी मात्र हातातली पानं उलटी-सुलटी करून नीट बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "आमच्या सोयाबीनला तर चोक न्हाई बाबा. नव्या वाणात आला आसंल!"

*

अप्पांचं वाहनपूजेत चांगलं नाव आहे. देवगाव फाट्याच्या एका हॉटेलवाल्याने नवी कार घेतली. अप्पांना त्या दिवशी जायला जमणार नव्हतं, म्हणून तो गाडी घेऊन आमच्याच घरी आला. बायको-पोरं, पेढे, हार, सगळा सरंजाम. अप्पांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मंत्र तर असे खणखणीत की शेजारचे गच्चीवर आले.

पूजा आटोपल्यावर तो माणूस पाणी पीत उभा होता. त्याची नजर शेडात गेली. अप्पांची स्कूटर विटांवर, चाकं भिंतीला टेकलेली. वैभवच्या मोटारसायकलचा नुसता सांगाडा. एका मोपेडचं तोंड एकीकडं, धड दुसरीकडं. त्याने हळूच ग्लास खाली ठेवला.

"गुरुजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ह्यांची पण पूजा तुमीच केल्ती का?"

संध्याकाळी आईची जुनी सतरंजी शेडाच्या तोंडाला पडद्यासारखी लटकलेली होती!

*

मागच्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला. आई ओरडली नाही, रडली नाही. तिने शेडाच्या जाळीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत अडकवली. "पेपर संपले की देईन," एवढंच म्हणाली. ते दिवस वाईट गेले. अभ्यास करता करता मी खिडकीतून त्या सतरंजीकडं बघायचो. वैभव पण येऊन दारातल्या ओट्यावर बसायचा आणि मुकाट्याने पुस्तक उघडायचा.

शेवटचा पेपर झाला. आईने हसत किल्ली दिली. म्हणाली, "आत जाऊन तर बघा."

आत गेलो. शेड चकाचक! फरशी धुतलेली, पाने-पकडी ओळीने टांगलेल्या, वॉशर आकाराप्रमाणे डब्यांत. आईने आमच्यासाठी सुट्टीचा अख्खा दिवस घालवला होता. फक्त वैभवच्या मोटारसायकलचं इंजिन दिसत नव्हतं.

"ते गंजकं होय? सकाळीच भंगारात दिलं," आई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

वैभव मटकन खाली बसला. मी सायकल काढली आणि धाप लागेस्तोवर हाणत भंगारवाल्या चाचांकडं पोचलो. इंजिन अजून काट्यावरच होतं. जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "चाचा, ते भंगार नाही, इंजिन आहे!"

चाचांनी माझ्याकडं बघितलं, इंजिनाकडं बघितलं. "अम्मा बोली भंगार, तुमी बोलते इंजिन. आधी घरात मशवरा करा ना भाई!"

*

आता त्या मोटारसायकलचं सांगतो. ती वैभवच्या आजोबांची. आबा लहानपणी त्याला टाकीवर बसवून ताडकळसच्या बाजारात न्यायचे. पुढं आबांचे गुडघे गेले, गाडी गोठ्यात पडली. वैभवच्या मनात एकच होतं, आबांना परत त्या गाडीवर बसवायचं. आबा लेकीकडं गेलेले असताना आम्ही गोठ्यातला कचरा उपसला, गाडी बाहेर ओढली आणि टेम्पोत घालून परभणीला आणली. रंग उडालेला, नंबरप्लेट गळून पडलेली, सीटमध्ये उंदरांचं घर. आबांना यातलं काहीच सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

वर्षभर आम्ही तिच्यावर राबलो. कॉलेज झालं, दुकान झालं की ती. वैभवने नवे कपडे घेतले नाहीत, सहलीला आला नाही. टाकीवरची सोनेरी पट्टी त्याने स्वतःच्या हाताने ओढली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा धडधडली, त्या दिवशी हा तोंड फिरवून भिंतीकडं उभा राहिला.

गाडीचे कागद आबांकडून नंतर मागू म्हणून परतही टेम्पोतच नेली. बाजारचा दिवस होता. वैभवने आबांचा हात धरून त्यांना अंगणात आणलं आणि गाडीवरची चादर ओढली.

आबांनी गाडीला एक चक्कर मारली. टाकीवरून हात फिरवला. खाली वाकून इंजिनाकडं बघितलं.

"लय भारी केलीस बाळा," आबा म्हणाले. "पर ही आपली न्हाई."

"म्हंजे?"

"ही शेजारच्या मास्तरची. दोघांनी संगंच घेतल्या व्हत्या, एकाच कंपनीच्या, एकसारख्या. त्यांच्याकडं जागा नव्हती म्हणून आपल्या गोठ्यात ठिवलेली. मास्तर येऊन येऊन इचारायलेत, माझी गाडी कुठं गेली. मी म्हणलं, चोरानं न्हेली आसंल!"

वैभव माझ्याकडं बघायला लागला, मी टेम्पोवाल्याकडं. आबांनी तेवढ्यात कुंपणावरून हाक मारली, "ओ मास्तर! चोर आलेत, या!"

मास्तर आले. रिटायर होऊन जमाना झालेला, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. गाडी बघितली आणि जागीच थांबले. खिशातून रुमाल काढून आधी डोळे पुसले, मग सीट पुसली, खरं तर सीटवर धुळीचा कणही नव्हता. स्टँडवरून उतरवली, किक मारली. पहिल्याच किकला सुरू!

"बस मागं," मास्तर आबांना म्हणाले. "बाजारात जाऊन येऊ."

आबांनी वैभवच्या खांद्याचा आधार घेतला, पाय टाकला आणि बसले. दोघं म्हातारे फाटकातून बाहेर पडले. अंगणात नुसता धूर आणि आम्ही दोघं. वैभवच्या हातात ती चादर तशीच.

कोपऱ्यावर गाडी थांबली. मागच्या सीटवरून आबा वळले आणि तिथूनच ओरडले,

"उभं काय राहिलाव? गोठ्यातला कडबा उपसा! आपली त्याच्या खाली हाय!"