मास्क निघाला कल्याणला

सोमवारी सकाळी मी ऑफिसचं शटर वर करत होते, तेवढ्यात मृणालचा फोन आला.

"शुभाताई, आम्ही एअरपोर्टला निघालोय आणि माझा मास्क कल्याणला गेलाय."

"कल्याणला? कोणी नेला?"

"आईंनी पाठवला," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मागून तिचा नवरा नचिकेत म्हणत होता, "अगं, सांग ना त्यांना नीट!"

डोंबिवली पूर्वेला माझी छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे. मी विमानाची तिकिटं काढून देते, सीनिअर सिटिझन्सचे ग्रुप नेते आणि कुणी आलंच तर स्कूबा डायव्हिंगसुद्धा बुक करते. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राखाली जायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याला पोहता आलं नाही तरी चालतं. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो.

मृणाल आणि नचिकेत दोघंही घोडबंदर रोडला आयटीत. लग्नाचा वाढदिवस अंदमानच्या एका लहानशा बेटावर साजरा करायचा, ही कल्पना मृणालची. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं होतं, "डायव्हिंगच का गं?" तेव्हा तिने स्वतःच्या जाड भिंगांकडे बोट दाखवलं. "मी तिसरीपासून चष्म्यात आहे. चष्मा काढला की सगळं धुरकट. समुद्रावर गेलो की बाकीचे मजा करायचे आणि मी कुणाचा तरी हात धरून उभी. मला एकदा पाण्यातलं नीट बघायचंय हो."

डायव्हिंगचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. आत चष्मा घातला की फटीतून पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स तिच्या डोळ्यांना सोसत नाहीत. म्हणून ठाण्यातल्या एका चष्मेवाल्याकडून तिच्या नंबरची काच बसवलेला मास्क करून घेतला होता. त्याच्याशिवाय पाण्याखाली जाणं म्हणजे वाफ धरलेल्या खिडकीतून सिनेमा बघण्यासारखं होतं. आणि हाच मास्क कल्याणला.

घोळ असा झाला होता. नचिकेतची आई, विमलकाकू, शाळेतून रिटायर झालेल्या. माझ्या आईच्या मैत्रीण, त्यामुळे मला अगं-तुगं करणाऱ्या. सोमवारी पूर्वेला प्रवास करू नये, दिशाशूल असतो, असं त्यांचं ठाम मत. अंदमान पूर्वेला. मी म्हटलं होतं, "काकू, विमानतळ पश्चिमेला आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "पण मुलं विमानतळावर राहायला चालली आहेत का?"

तोडगा त्यांनीच काढला. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आदल्या चांगल्या दिवशी एक बॅग प्रवासाच्या दिशेने शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग दुसऱ्या दिवशी जाताना ती बॅग उचलायची. एक अट मात्र असते. प्रस्थान पुन्हा घरात आणायचं नाही. शिवाय बॅगेत प्रवासात नक्की लागणारी वस्तू हवी, उगाच नावाला नको, हा काकूंचा आग्रह. मृणालच्या सुटकेसमध्ये मास्कची टणक पेटी मावत नव्हती. तिने सुपारी आणि अक्षतांबरोबर तीच त्या बॅगेत टाकली, आणि रविवारी बॅग पूर्वेकडच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंकडे गेली.

रविवारी संध्याकाळी जोशीकाकूंच्या कल्याणच्या मुलीला कळा सुरू झाल्या. त्यांनी विमलकाकूंना फोन केला, "मी निघतेय, तुमची बॅग घेऊन जा." विमलकाकू म्हणाल्या, "प्रस्थान परत कसं आणू?" मग दोघींनी मिळून शक्कल लढवली. कल्याण तसं पूर्वेकडेच. बॅग जोशीकाकूंनी सोबत न्यावी, पहाटे जावई आणून देईल. पहाटे जावई ऑपरेशन थिएटरबाहेर येरझारा घालत होता आणि त्याचा आणि जोशीकाकूंचा फोन बंद होता. विमलकाकूंनी रात्रभर मृणालला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. तिने निघताना जोशीकाकूंच्या दाराला कुलूप पाहिलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

मला खरंच राग आला. पण गिऱ्हाइकाच्या सासूवर चिडून विमान थांबत नाही. मी मृणालला म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा. मी बघते." आणि बेटावरच्या डाइव्ह सेंटरला फोन लावला.

"पॉवरवाला मास्क है क्या आपके पास?"

"है मॅडम. मायनस तीन तक."

मृणालला मायनस तीनचा काही उपयोग नव्हता. कुरिअर आठवड्याने पोचलं असतं. माझा सीनिअर सिटिझन्सचा ग्रुप दुसऱ्याच दिवशी अंदमानला निघणार होता, पण तो आधी पोर्ट ब्लेअरला थांबून गुरुवारी बेटावर जाणार होता. आणि गुरुवारीच मृणाल-नचिकेतचं परतीचं विमान.

इथे आमच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. डायव्हिंग केल्यावर साधारण एक दिवस विमानात बसायचं नाही. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो. लगेच उंचावर गेलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून मी डाइव्ह मंगळवारी ठेवली होती. फार तर बुधवारी सकाळी चालली असती. सेंटरवाला म्हणाला, "बारा बजे के बाद मैं नहीं उतारूंगा, मॅडम." त्याचं बरोबरच होतं.

म्हणजे मंगळवारच्या विमानाने कुणीतरी मास्क घेऊन जायचं आणि बुधवारच्या पहिल्या बोटीने सरळ बेट गाठायचं. असा रिकामा माणूस कुठून आणायचा?

दुपारी विमलकाकू ऑफिसात आल्या. कल्याणला जाऊन बॅग स्वतः घेऊन आल्या होत्या. जोशीकाकूंना नात झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप. काकूंनी बॅग माझ्या टेबलावर ठेवली.

"घरी नेली नाही. स्टेशनवरून थेट इथे आले."

"काकू, आता तरी..."

"बोल. जे बोलायचं ते बोलून घे."

मी बोलले. मृणालला का जायचं होतं तेही सांगितलं. पाण्यात कुणाचा तरी हात धरून उभी राहायची, ते सगळं. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. सुनेला माशांचे फोटो काढायची हौस आहे, एवढाच त्यांचा समज.

"तुझ्या उद्याच्या विमानात जागा आहे का?" त्यांनी विचारलं.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"काकू, पुढे बोटीने एकटीला जावं लागेल. समुद्र खवळलेला असू शकतो."

"मी चौतीस वर्षं सातवीचे वर्ग सांभाळलेत."

मी कॅलेंडरकडे बघितलं. "काकू, उद्या मंगळवार आहे. आणि अमावस्या."

"माहीत आहे मला. कॅलेंडर मलाही वाचता येतं. तिकीट काढ."

मी तिकीट काढलं.

मंगळवारी त्या ग्रुपबरोबर पोर्ट ब्लेअरला पोचल्या. बुधवारी आमच्या टूर मॅनेजरने त्यांना पहाटे बोटीत बसवून दिलं. त्यानंतर बातमी आली की लाटांमुळे बोट उशिरा सुटली आहे. ऑफिसात समोर एक जोडपं हनिमूनसाठी मनाली की मुन्नार ठरवत होतं. मी दोघांना दोनदा केरळ हिमाचलमध्ये असल्याचं सांगितलं. काकूंचा फोन लागेना. नचिकेतचा मेसेज आला, "जेटीवर उभे आहोत. बोट दिसत नाही." मी सेंटरवाल्याला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "टँक लगा के बैठा हूं मॅडम, लेकिन बारा मतलब बारा."

मग बराच वेळ कुणाचंच काही नाही. मनाली की मुन्नारवाले "विचार करून कळवतो" म्हणून निघून गेले. ते आजतागायत कळवतायत.

दोनच्या सुमाराला मृणालचा फोन आला.

"शुभाताई, दिसलं! सगळं दिसलं! प्रत्येक माशाचे पट्टे मोजता येत होते. आणि नचिकेत एवढा घाबरलेला ना, माझाच हात धरून होता पूर्ण वेळ!"

मागून नचिकेत ओरडला, "खोटं बोलतेय ती!"

"बोट वेळेत आली?"

"अगदी शेवटी. आई जेटीवरून पेटी छातीशी धरून पळत आल्या. साडीत! मी त्यांना असं पळताना कधीच पाहिलेलं नाही."

मी काकूंना फोन द्यायला सांगितला. त्यांचा आवाज दमलेला होता.

"बोट लागली गं मला. सगळं पोट रिकामं झालं."

"काकू, मग आता झोपा जरा."

"झोपते. ऐक ना, पाण्यात उतरताना तिने चष्मा माझ्याकडे दिला. मी किनाऱ्यावर बसले होते. कुणी बघत नाही असं पाहून एकदा घातला. समोरचा समुद्रसुद्धा दिसेना, शुभा. इतका नंबर आहे पोरीचा. पाच वर्षं झाली घरात येऊन, मी एकदा विचारलं नाही."

मी म्हटलं, "गुरुवारी ग्रुप बेटावर येतोय, तुम्ही त्यांच्याबरोबर फिरून या." त्या म्हणाल्या, "बघते," आणि फोन ठेवला. पुढे त्या खरंच ग्रुपबरोबर सगळं फिरल्या.

प्रस्थान ठेवणारी माणसं माझ्याकडे अजूनही येतात. मी कुणालाही अडवत नाही. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. मी फक्त एवढंच सांगते, बॅगेत टॉवेल ठेवा. तो कुठेही मिळतो.