झाकणावर न बसलेलं नाव

बाबांच्या तेरवीला दादाने दीडशे स्टीलचे डबे वाटले. आमच्याकडे तेरवीला भांडं देतात आणि त्यावर गेलेल्या माणसाचं नाव टाकतात. ते नाव मग दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं नांदतं. पण दादाला नुसतं भांडं द्यायचं नव्हतं. पंचायत समितीच्या तिकिटाची आशा लागल्यापासून त्याच्या तोंडी इंग्रजी फार आलं होतं. "सुव्हेनिअर देऊन राह्यलो," तो ज्याला त्याला फोनवर सांगत होता.

हा शब्द मला बाबांनी शिकवला होता. मंगरूळपीरच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी एका फाटक्या शब्दकोशावरून स्वतःपुरतं फ्रेंच शिकत. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला आणि दुकानात मांडला, असं ते म्हणत. इंग्रजीत ती विकत घेऊन घरी न्यायची वस्तू. फ्रेंचमध्ये वस्तूही आहे, पण तिच्या आधी आठवण आहे, आणि अगदी मुळाशी गेलं तर खालून वर येणं. "विहिरीचा झरा येते तसं," ते म्हणत. "आठवण काढनारे लय असतात. येते कोनाले, ते पाहा."

डबे आले तेव्हा मी एक उचलला. झाकणावर दादाचं नाव, खाली 'युवा नेते', त्याखाली मोबाईल नंबर.

"दादा, बाबांचं नाव?"

"देल्लं होतं लिहून. बसलं नाही. मशीनवाला म्हने, एक ओळ कमी करा."

"मग तीच कमी केली?"

"तेरवी कोनाची आहे हे गावाले मालूम नाही काय? तू लय शिकेल आहे, तुले सारं लिहूनच पाह्यजे."

पन्नाशीला टेकलेला युवा नेता! नंबर गाळावा, हे त्याच्या मनालाही शिवलं नसेल.

आईला वाचता येत नाही. तिने डबा हातात घेऊन विचारलं, "तुह्या बाबायचं नाव कोन्या बाजूनं हाय वं?"

"बुडाशी," मी म्हणाले.

त्याच दुपारी बाबांच्या कंपासच्या टोकाने मी तिच्या डब्याच्या बुडावर त्यांचं नाव कोरलं. अक्षरं वेडीवाकडी आली.

दिवाळीनंतर मेडशीला मावशीकडे गेले. तिने तसल्याच डब्यातून चहापत्ती काढली. माझी नजर गेलेली पाहून म्हणाली, "इलेक्शनचा हाय. झाकन पक्कं बसते पन." बाबा तिचे सख्खे मेहुणे होते, आणि तेरवीला ती स्वतः पंगतीत वाढत होती. दादाचं काम चोख झालं होतं.

आईचा डबा आमच्या फळीवर आहे, त्यात ती तीळ ठेवते. घासताना झाकणावर तारेची घासणी जोरात फिरवते. डबा उलटा केला की घासणी बाजूला ठेवते आणि बूड नुसत्या हाताने धुते.