देठाकडची चकती

आमच्या घरात दुधीच्या रसाचा एकच नियम आहे. जो रस काढील, त्याने आधी देठाकडची एक चकती कापून चावून बघायची. गोड लागली, किंवा निदान कशीच लागली नाही, तर पुढे जायचं. कडू लागली तर तो दुधी कितीही कोवळा आणि देखणा असला तरी टाकून द्यायचा. हा नियम बायकोने माहेराहून आणला. तिचं माहेर कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिच्या लहानपणी शेजारची एक बाई कडू दुधीचा रस पिऊन उलट्यांनी आडवी झाली होती, ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं. कडू भाजी माणूस पानात टाकतो, पण रस औषध समजून डोळे मिटून पितो, म्हणून रसाच्या दुधीला जास्त जपायचं, असं ती सांगते.

मी या नियमाला पूर्वी हसायचो. सगळी नोकरी रसायनीच्या कारखान्यात फिटर म्हणून केलेली. दाब असो, उष्णता असो, प्रत्येक गोष्ट मोजायला काटा असतो आणि काट्यावर न दिसणारं सगळं बायकांच्या गप्पांत जमा, अशी माझी समजूत होती. पण मी हसलो तरी ती चकती चावायचीच, आणि रसही तीच काढायची, तेव्हा माझ्या हसण्याला कोण विचारतो.

रिटायर झाल्यावरचं पहिलं वर्ष मी घरात नुसती अडगळ होतो. घरातले गळके नळ दुरुस्त करून झाले. शेजाऱ्यांचे झाले. मग मी चांगले चालणारे नळही उघडून बघायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, “अवो, जरा बाहेर फिरून या की.” बाहेर जाऊन तरी काय करायचं? आमच्या गावातून खालापूरच्या नाक्यापर्यंत चालत जायचं, टोलनाक्याकडे जाणाऱ्या गाड्या बघायच्या आणि परत यायचं. माझी कुणाला गरज उरलेली नाही, हे मला त्या वर्षी रोज थोडं थोडं कळत गेलं आणि ते कळलं की मी चिडायचो. चिडायचो अर्थात बायकोवरच, कारण समोर तीच असायची.

मग पावसाच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नेरळहून मुलगी आली ती ज्यूसरचं खोकं घेऊनच. “आई आता दसऱ्यापर्यंत ओट्यापाशी उभी राहणार नाही,” तिने मला बजावलं. “वरणभाताला बाई ठेवली आहे. सकाळचा रस तुम्ही काढायचा, बाबा.” मला राग यायला हवा होता, पण खोक्यातलं ते मशीन बघून हात शिवशिवले. चालू करण्याआधी मी ते पूर्ण खोलून ओट्यावर मांडलं, जाळी उजेडात धरून बघितली, आणि परत जोडलं. मुलगी कपाळाला हात लावून बघत बसली.

महिन्याभरात मी त्यात तरबेज झालो. अर्धा दुधी, एक गाजर, बिटाचा लहान तुकडा, एक आवळा, बोटाच्या पेराएवढं आलं, पुदिन्याची चार पानं. बीट जास्त झालं की रसाला मातीचा वास येतो. आवळा शेवटी घालायचा. दुधीची साल काढायची नाही, घासून धुवायची. जाळीत उरलेला चोथा बायको खुर्चीत बसून पिठात कालवायची आणि त्याची थालीपीठं बाई लावायची. आणि सगळ्यात आधी, नियमाप्रमाणे, देठाकडची चकती. आता मशीन माझ्या हातात होतं, त्यामुळे चकतीही माझ्याकडे आली होती, आणि मी ती इमानदारीने चावत होतो.

दोन स्टीलचे ग्लास घेऊन मी ओटीवर यायचो. ती घोट घ्यायची आणि सांगायची, “आज आलं लई झालं,” किंवा “आज जमलं.” आज जमलं असं म्हणाली की मी दिवसभर कुणावर चिडत नसे. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं होतं.

गणपतीत मला ताप आला. चार दिवसांत उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पहिल्यांदा वाटलं, तापाचं तोंड आहे, येईल आठवड्यात. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मोदक खाल्ला काय आणि भिजवलेलं पीठ खाल्लं काय, सारखंच. लोणच्याची फोड जिभेवर ठेवली तर नुसती ओली लागे. एकदा गुपचूप मिठाची चिमूट तोंडात टाकून बघितली. वाळू.

मी हे कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते आता स्पष्टच लिहितो. चव नसलेल्या माणसाला आमच्या घरात दुधीचा रस काढता येत नाही. सांगितलं असतं तर बायको गुडघा बरा व्हायच्या आत ओट्यापाशी येऊन उभी राहिली असती, नाहीतर रस बंद झाला असता आणि मी पुन्हा खालापूरच्या नाक्यावर गाड्या मोजत बसलो असतो. मी स्वतःला पहिलं कारण सांगत होतो. खरी भीती दुसऱ्याची होती.

म्हणून मी नाटक चालू ठेवलं. चकती कापायची, तिला ओटीवर ऐकू जाईल अशी कचाकचा चावायची आणि “गोड हाय!” म्हणून ओरडायचं. बाजारातला दुधी कशाला कडू निघतोय, इतक्या वर्षांत आपल्याकडे एकदा तरी निघाला का, असा हिशेब मी मनाशी करत असे. ज्या बायकोला जपण्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिच्याच ग्लासात मी रोज न तपासलेला रस ओतत होतो. आज हे लिहितानाही लाज वाटते.

दसऱ्याच्या सुमारास आणखी एक प्रकार सुरू झाला. संध्याकाळी टोपलीत ठेवलेला दुधी सकाळी उचलावा, तर देठापाशी त्याचा छोटासा काप गेलेला. नखाएवढा, पातळ. एकदा झालं, दोनदा झालं, मग प्रत्येक दुधीला. मी आधी दुधी विकणाऱ्या बाईवर घसरलो. ती डोंगरातल्या वाडीवरून पाटी घेऊन खालापूरच्या बाजारात यायची. मी तिला चार लोकांत म्हणालो की कुरतडलेला माल गळ्यात मारतेस. ती जराही घाबरली नाही. “दादा, माझ्या पाटीत हाय तवर अख्खा हाय,” ती म्हणाली. “घरात काय होतं ते घरात इचारा.”

तेव्हा मग उंदीरच, असा मी निकाल दिला. शेजाऱ्यांकडून पिंजरा आणला. पहिल्या दिवशी भजं लावलं. मग सुकट. मग खोबऱ्याचा तुकडा. स्प्रिंग ढिली वाटली म्हणून ती बदलली, दाराला तेल दिलं. सकाळी पिंजरा रिकामा आणि दुधीला काप. बायको खुर्चीतून बघायची. “लई शहाणा उंदीर दिसतोय,” ती म्हणाली. भजी, सुकट, खोबरं सोडून दुधी खाणारा उंदीर मी जन्मात ऐकला नव्हता, पण हट्टाला पेटल्यावर माणूस एवढा विचार करत नाही. रोज संध्याकाळी मी बातम्या लावून बसायचो आणि ती काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या घालायची, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून. काठीची टकटक जायची, आत जरा थांबायची आणि परत यायची. मी म्हणायचो, “आत गेलीस की पिंजऱ्यावर लक्ष ठेव गं.” ती बरं म्हणायची.

मागच्या दारी उकिरड्याशेजारी पावसात दुधीचा एक वेल आपोआप उगवला होता. मी त्याला काठ्यांचा मांडव करून दिला. दिवाळी झाली आणि पहिला दुधी धरला. हिरवागार, लव असलेला, हातभर लांब. एका सकाळी मी तो कापला आणि टोपलीत न ठेवता सरळ ओट्यावर घेतला. बायकोला चकित करायचं होतं. चकती कापली, कचाकचा चावली, “गोड हाय!” म्हणून ओरडलो. रस काढला. तो नुसता बघूनच इतका समाधान पावलो की ग्लास भरता भरता माझ्या ग्लासातला अर्धा पिऊनही टाकला.

ओटीवर तिच्या हातात ग्लास दिला. तिने तो तोंडाला लावला नाही. “टोपलीतला दुधी तर हितनं तसाच दिसतोय,” ती म्हणाली. “ह्यो कुठला?”

“आपल्या वेलाचा! पहिला.”

“आत्ता काढलात?”

“आत्ता. चाखला पण. साखर हाय नुसती.”

तिने ग्लास खाली ठेवला आणि उरलेला दुधी आणायला सांगितला. मी कौतुकाने नेऊन दिला. तिने कापलेल्या बाजूला जिभेचं टोक लावलं आणि लगेच ओटीखाली थुंकली. दोनदा थुंकली. मग माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

“तुमी प्यायलात?”

“अर्धा.”

ती ओरडली नाही. तिने चूळ भरली, मला भरायला लावली आणि रस्त्यावर रिक्षा बघायला पाठवलं. रिक्षा येईपर्यंत मला पहिली उलटी झाली होती. खालापूरला एका दवाखान्यात पोचेपर्यंत मी दोनदा रिक्षा थांबवली. रिक्षात ती एका हाताने काठी आणि एका हाताने मला धरून बसली होती. मला उलट्यांपेक्षा एकाच गोष्टीची भीती वाटत होती, तो दुसरा ग्लास तिने प्यायला असता तर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सलाईन लावलं, रक्तदाब बघितला, मग विचारलं, “काका, कडू दुधी इतका कडू असतो की एक घोट जात नाही. तुम्ही अर्धा ग्लास कसा प्यायलात?”

बायको कॉटच्या शेजारी स्टुलावर बसली होती. खोटं बोलायला आता जागाच नव्हती. “मला चव लागत नाही,” मी म्हणालो. “गणपतीतल्या तापापासून.” आणि तिच्याकडे बघायची हिंमत होईना म्हणून छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी पुन्हा यायला सांगितलं आणि त्या गेल्या. मी शेवटी मान वळवली. बायकोला धक्का वगैरे काही बसलेला नव्हता.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “दसऱ्याच्या तोंडावर बाईनं चहात साखर घालायची इसरली. तुमी कप रिकामा केलात आन् फक्कड म्हणालात.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने सलाईनची नळी सरळ केली. माझ्या डोक्यात मात्र एकदम सगळं जुळायला लागलं. नखाएवढा पातळ काप, देठापाशी. दातांचा काप इतका सफाईदार नसतो, हे फिटरच्या डोळ्यांना पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. संध्याकाळची काठीची टकटक, आत जाऊन थांबणारी.

“अगं, म्हणजे तो उंदीर...”

“मीच,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. “भजं मात्र उगा वाया घालवलंत हां.”

रोज संध्याकाळी, त्या गुडघ्यावर, ती आत जाऊन दुसऱ्या दिवशीचा दुधी चाखून ठेवत होती. मी तिला जपतो आहे अशा ऐटीत सकाळी ग्लास घेऊन येत होतो, आणि दसऱ्यापासून ती मला जपत होती. मी पुन्हा विचारलं, मग सांगितलं का नाहीस.

“काय सांगू?” ती म्हणाली. “रिटायर झाल्यापासनं तुमचं तोंड बघवत नव्हतं. दोन ग्लास घेऊन ओटीवर यायला लागलात तवा कुठं जरा माणसात आलात. ते काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं.”

मी रडलो. सलाईनचा हात हलवू नका असं ती म्हणत होती, तरी रडलो.

दुपारी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि ओट्याकडे गेलोच नाही. अंगणात उभा राहून वेल उपटून टाकला. आता माझं काम संपलं, असं मनाशी धरलं होतं. तेवढ्यात आतून हाक आली. “अवो, मशीन कोण लावणार? मला कुठं येतंय ते उघडायला?” मी टोपलीतला दुधी घेतला, देठाकडची चकती कापली आणि बशीत घालून ओटीवर नेली. तिने चावली. “गोड हाय,” ती म्हणाली. त्या आठवड्यात मी पिंजरा परत केला आणि बाजारात जाऊन त्या वाडीवरच्या बाईला, चार लोकांतच, माझी चूक सांगितली. तिने एक दुधी निवडून माझ्या पिशवीत टाकला.

तेव्हापासून असंच चाललं आहे. मी कापतो, ती चाखते, मी मशीन लावतो. औषधं चालू आहेत. मधे एकदा मला मेथी किंचित कडू लागल्याचा भास झाला, तो मी जेवताना बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी मी बशी पुढे केली, तेव्हा तिने चकती उचलून माझ्याच हातात ठेवली. “आज तुमी बघा.”

मी चकती अर्धी चावली. जिभेवर सगळीकडे फिरवली. थंड लागली, ओली लागली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. गोड हाय, हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आलेच होते.

“नाय कळत,” मी म्हणालो.

तिने उरलेली अर्धी चकती माझ्या हातातून घेतली आणि सावकाश चावली.

“गोड हाय,” ती म्हणाली. “लावा मशीन.”