भावाच्या सायकलचा चिमटा

माझा धाकटा भाऊ डेंग्यूनं गेला आणि त्याची माउंटन बाइक तेवढी अंगणात उभी राहिली. सीताबर्डीहून आणली तेव्हा समोरच्या शॉकअपचं त्याला कोण कौतुक! मी म्हणायचे, नागपुरात पहाड कुठला आला, गतिरोधकावरून उड्या मारायला एवढी मिजास? तो हसून सोडून द्यायचा.

तो गेल्यावर सायकल बाबांनी हाती घेतली. चालवायचे फक्त दुधापुरती, पण दर रविवारी तिला पुसून शॉकअपच्या दोन्ही दांड्यांना खोबरेल चोळायचे. लहानपणी आमच्या डोक्यावर थापायचे तसंच, सढळ हातानं. दसऱ्याला तर पाइप लावून धुवायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे आणि वर पुन्हा तेल. माझं डोकं फिरायचं. पोरगा गेला आणि हे काय लोखंडाचे लाड, असं वाटायचं. बोलले मात्र कधी नाही.

या उन्हाळ्यात शॉकअप दबला तो वरच येईना. खड्ड्याखड्ड्याला बाबांच्या मनगटांना झटके बसू लागले. शेवटी मीच हट्ट धरून त्यांना प्रताप नगरातल्या सायकलच्या दुकानात नेलं. मिस्त्रीनं शॉकअप काढून उघडला. आत पाणी शिरून गंज चढला होता आणि तेलाधुळीचा काळा चिखल झाला होता. खवट खोबरेलाचा वास सुटला.

"याच्यात खोबऱ्याचं तेल कोनं टाकलं?" मिस्त्रीनं विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले. "खराब होऊ नये म्हून."

मिस्त्री भला माणूस. एवढंच म्हणाला, "काकाजी, हा गेला. या मापाचा आता भेटत नाही. साधा चिमटा टाकून देतो."

बाबा माझ्यावरच उखडले. "काहून बदलून राहिली वं? त्यानं पसंत केला होता हा."

"तुमचे हात दुखतात बाबा."

ते बाजूला सरकले. मिस्त्रीनं साधा चिमटा बसवला, पुढचं चाक धरणाऱ्या नुसत्या दोन सरळ दांड्या, ना स्प्रिंग ना काही. सायकल ताठ उभी राहिली. खरं सांगायचं तर चांगली दिसत होती. बाबांनी चिमट्यावरून हात फिरवला, वाकून वरखाली पाहिलं, कुठे फट दिसते का ते बोटानं चाचपलं.

"याले तेल कुठं द्याचं?"

"याले काही लागत नाही काकाजी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. पुसली नाही तरी चालते."

बाबांनी हँडल घट्ट धरलं आणि तिथंच, दुकानापुढे भर रस्त्यावर, हुंदके देऊन रडू लागले. मिस्त्री भांबावला, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. मी बाबांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. आपल्या पोराचं करायला त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.