दौलत मास्तरांची वादसभा

पहिल्याच दिवशी दौलत मास्तर वर्गात आले, पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "सूर्य अकोल्याकून निंगते." अकोला मावळतीला आहे, हे अमरावतीच्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी आम्ही तीसेक पोरं एका सुरात "हो" म्हणालो. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी माझ्या शेजारचा महादेव उठला. "नाई मास्तर, तिकडं तं थो बुडते," तो म्हणाला. मास्तर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "हो म्हनायले काय लागते? मान तं बैलबी हालवते."

मास्तर मोर्शीकडच्या एका कुणब्याच्या घरातले. अंगानं काटकुळे, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. शाळेतले बाकीचे शिक्षक पुण्याकडून आलेले. त्यांच्या कानाला मास्तरांची बोली खुपायची. हेडमास्तर तर मास्तरांचंच वाक्य शुद्ध करून त्यांना परत ऐकवत. मास्तर ते नीट ऐकून घेत आणि पुढचं वाक्य पुन्हा आपल्याच बोलीत बोलत.

दर शनिवारी दुपारी ते आमची वादसभा भरवीत. सभेचा नियम एकच. "पयले समोरच्याची बाजू त्याच्याऊन चांगली सांगून दाखव. मंग तुयी सांग." ज्याला जी बाजू नको असेल तीच ते त्याच्या गळ्यात घालत. माझे वडील माळी. गावाबाहेर आमचा वांग्यांचा आणि झेंडूचा मळा होता. मजूर सगळे कापूस वेचायला गेलेले, म्हणून वडील मला शाळेतून काढायला निघाले होते. मास्तरांना हे कळलं आणि त्यांनी शनिवारी मला वडिलांची बाजू मांडायला उभं केलं. मी इतकं बोललो की मलाच शाळा सोडावीशी वाटू लागली. बोलता बोलता रडू आलं. त्याच संध्याकाळी मास्तर आमच्या मळ्यात येऊन बसले आणि माझं ते सगळं भाषण त्यांनी वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी खोऱ्यानं पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाले, "येवढं समजते त्याले, तं शिकू द्या."

त्या वर्षांत वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली. वर्गातली पोरं एकेक करून कमी झाली, कुणी दलालाकडे, कुणी गाड्यांवर. शेवटी आम्ही जेमतेम चौदा उरलो. मास्तर रिकाम्या जागांकडे बघत आणि हजेरी पूर्ण घेत, गेलेल्यांची नावंसुद्धा.

अशात अकोल्याच्या शाळेशी वाद ठरला. विषय होता, 'कापसाच्या तेजीने रयतेचे कल्याण झाले आहे.' आमच्याकडे विरुद्ध बाजू आली. जो उत्तम बोलेल त्याला पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला पाठवायचं, असं एका बड्या कापूस व्यापाऱ्यानं कबूल केलं होतं. महादेव बोलणार होता आणि मी त्याचा जोडीदार. महादेवचे वडील तो लहान असतानाच वारलेले, आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची. मुंबईचं नाव निघाल्यापासून तो झोपेतही बोलत असे.

अकोल्याला जायला भाड्यानं गाडी मिळेना, सगळ्या गाड्या कापसावर. मग मास्तर आम्हा दोघांना घेऊन पायीच निघाले. चार दिवस आम्ही कापसाच्या गाड्यांच्या धुळीतून चाललो. वाटेत मास्तर महादेवला भेटेल त्या गाडीवानापुढे भाषण करायला लावत. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका म्हाताऱ्या गाडीवानानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "ज्वारीच्या भावानं माया पोरीचं लगन झालं असतं का?" मास्तर खूश झाले. म्हणाले, "याचं म्हननं पाठ कर. यानंच सुरुवात कर."

आणि त्यानं तशीच सुरुवात केली. अकोल्याची सभा गच्च भरली होती. पुढे परीक्षक म्हणून शिक्षणखात्याचे गोरे साहेब, शेजारी आमचे हेडमास्तर, त्यांच्या बाजूला तो व्यापारी. महादेवनं गाडीवानाची बाजू अशी मांडली की मागे बसलेले शेतकरी माना डोलावू लागले. मग तो थांबला आणि म्हणाला, "पन यंदा गोठ्यात कडबा नाई. पोरीचं लगन झालं, थे चांगलंच झालं. उद्या बैलाले काय घालसान? कापूस?" मागचा एक म्हातारा डोळे पुसत होता. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बक्षीस अकोल्याच्या मुलाला मिळालं. त्यानं लिहून आणलेला निबंध घडाघडा म्हटला होता. निकाल हेडमास्तरांनी वाचून दाखवला. महादेवचे विचार बरे, पण भाषा गावंढळ आणि अशुद्ध, असं त्यात होतं. व्यापारी समाधानानं हसला. तेवढ्यात मागून मास्तर उठले.

"साहेब, पोट्ट्यानं सांगतलं थे खोटं हाय का?"

हेडमास्तरांनीच उत्तर दिलं, की इथे खरं-खोटं तपासायचं नाही, वक्तृत्व तपासायचं आहे.

"मंग खऱ्याले जागा कुठं हाय तेवढं सांगा," मास्तर म्हणाले. "पोट्ट्यायले तिकडं नेतो."

परतीच्या चार दिवसांत महादेव आमच्या पन्नास पावलं पुढे चालत राहिला. मास्तरांनी वाटेत एकाही गाडीवानाला थांबवलं नाही.

आठवड्यानं हेडमास्तरांनी मला बोलावलं. मास्तर पोरांना प्रतिष्ठित माणसांविरुद्ध आणि सरकारविरुद्ध बोलायला शिकवतात, असं माझ्या हातानं लिहून द्यायचं होतं. दिलं तर खालच्या वर्गावर शिकवायची जागा माझी. मी एक दिवस मागून घेतला. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही बाजू मनाशी मांडून पाहिल्या. दोन्ही पटल्या. दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं.

मास्तरांची बदली मोर्शीच्याही पलीकडच्या एका खेड्यात झाली. वादसभा बंद पडली. महादेवनं शाळा सोडली आणि कापसाच्या बाजारात भाव पुकारायचं काम धरलं. एवढ्या बाजारात त्याचा आवाज सगळ्यांवर जायचा. दलालांना तो फार आवडे. मग तिकडची लढाई संपली, भाव कोसळला, बाजारातल्या गाड्या हटल्या. त्यानंतर तो मला एकदा भेटला तेव्हा त्याचा घसा पार गेला होता. माझ्याशी तो कुजबुजल्यासारखा बोलला. मास्तरांचं नाव काढलं तर त्यानं नुसता हात हलवला आणि चालू लागला.

मी पुढे शिक्षणखात्यात कारकून झालो. काही वर्षांनी कचेरीच्या कामानं मास्तरांच्या खेड्यात गेलो. एका पडवीत अकरा पोरं बसली होती. मास्तरांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, डोळे अधू. मला आवाजावरून ओळखलं त्यांनी. पोरांना लिहायला लावून मला घरी नेलं, भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं. वडिलांची, मळ्याची चौकशी केली. महादेवचं विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

मला ते सहन होईना. म्हणालो, "मास्तर, तुमच्याविरुद्ध तो कागद मी लिहून दिला होता."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मलेच दाखवला व्हता हेडमास्तरानं. अक्षर मीच वळवलं तुयं, ओळखनार नाई का?"

"मग तुम्ही काही बोलला का नाही?"

"काय बोलू? तुयी बाजू मांडून पायली मी. मलेबी तोडता नाई आली."

त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि माझ्या बंडीच्या खिशाकडे पाहत विचारलं, "अन् आज कोन्ता कागद आनला?"

मी काढून दिला. पोरं कमी असल्यामुळे ही शाळा बंद करावी, असा हुकूम होता. दारातल्या उजेडात धरून त्यांनी तो सावकाश वाचला, दोनदा वाचला.

"पोरायले मी सांगतो," ते म्हणाले. "तू निंग. ऊन चढलं म्हंजे वाट सरत नाई."

मी निघालो. पुढच्या पावसाळ्याआधी मास्तर गेले. कसे गेले, शेवटी जवळ कोण होतं, हे विचारायला मी त्या गावी गेलो नाही.