नाखवाबाईंचं सर्टिफिकेट

कचेरीत धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. धूळ निदान दिवाळीपूर्वी झटकतात. किस्से निवृत्तीनंतरही अंगाला चिकटून राहतात.

आमच्या ठाण्याच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तो नव्वदीच्या सुरुवातीला. कंपनीचा माणूस म्हणाला, "ग्राहकांच्या नोंदी सांभाळायला एक डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमा. त्याला शिकवा, सर्टिफिकेट मिळवून द्या." त्याच सुमारास टाइपरायटर मोडीत निघाले आणि टायपिस्टांच्या बदल्या आंबिवलीच्या गोदामात होणार असं ठरलं. बाळकुमच्या नाखवाबाई टायपिस्ट. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ही नवी जागा मिळाली तरच बाई ठाण्यात राहणार होत्या.

साहेबांनी निवड केली हेडक्लार्क परांजप्यांची.

"साहेब, ते या महिन्यात निवृत्त होतायत," मी म्हणालो.

"म्हणूनच. ते असताना दुसऱ्याला पाठवणं बरं दिसत नाही."

कंपनीच्या फुकट ट्रेनिंगची एकच जागा होती. ती परांजप्यांनी भोगली. निरोपसमारंभात साहेब गहिवरले, "आज आपण एक प्रशिक्षित माणूस गमावतो आहोत." सर्वांत जोरात टाळ्या परांजप्यांनी वाजवल्या.

*

मग बाईंचा नंबर लागला, पण विकतच्या क्लासमध्ये. आणि विकत म्हटलं की तीन कोटेशनं आली.

मी आणि साहेब डोंबिवलीला एक क्लास बघायला गेलो. बाहेर चपला काढायला लावल्या. आत गार हवा, पंचवीस-तीस मुलं मान खाली घालून वहीत लिहितायत, फळ्यावर कीबोर्डचं चित्र.

"कॉम्प्युटर कुठाय?" मी विचारलं.

"यायचाय अजून," संचालक म्हणाले. "पण सिलॅबस पूर्ण झालाय."

मी चपला घालायला वळलो. साहेब मात्र खूश. बाहेर येऊन म्हणाले, "शिस्त चांगली आहे हो!"

*

तरी सर्वांत कमी दर कल्याणच्या क्लासचा निघाला. पिठाच्या गिरणीवरची खोली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी नाखवाबाईंच्या हातात सर्टिफिकेट ठेवलं.

"अहो, मी अजून बसलेही नाही," बाई म्हणाल्या.

"आत्ताच घेऊन जा ताई. परीक्षेनंतर फार गर्दी होते."

"ते ठेवा तुमच्याकडे. आधी शिकवा. मी रोज येणार."

मास्तरांना इतका धक्का बसला की त्यांनी खरोखरच शिकवलं.

*

दोन वर्षं बाईंनी कॉम्प्युटर नीट सांभाळला. तिसऱ्या वर्षी त्यांची आंबिवलीला बदली झाली. आम्हाला वाटलं, चूक झाली असेल. साहेबांकडे गेलो.

"चूक कसली? त्या मूळच्या टायपिस्ट. टायपिस्ट सगळे आंबिवलीला गेले."

"आणि इथला कॉम्प्युटर?"

"सर्टिफिकेट आहे ना? ऑफिसच्या खर्चाने मिळालंय, ते इथंच राहील."

आणि राहिलं! साहेबांनी ते फ्रेम करून कॉम्प्युटरच्या वर लावलं. अग्निशामक यंत्र भिंतीला अडकवलं की आग लागत नाही, तसा त्यांचा विश्वास.

बाईंनी रीतसर चार्ज दिला. कीबोर्ड, प्लास्टिकचं कव्हर, स्टूल, कपाटाची किल्ली, सगळं डेडस्टॉकशी, म्हणजे कचेरीतल्या सामानाच्या रजिस्टरशी, ताडून घेतलं. पासवर्ड डेडस्टॉकमध्ये नसतो, त्यामुळे तो कोणी मागितला नाही.

*

सोमवारी कॉम्प्युटरने पासवर्ड विचारला. साहेबांनी स्वतःचं नाव घालून पाहिलं. मग बायकोचं. मग गणपतीचं. दुपारी वरच्या कचेरीचा निरोप आला: ग्राहकांच्या सगळ्या नोंदी उद्या दुपारपर्यंत हव्यात.

साहेबांनी आंबिवलीला फोन लावला. बाईंचा आवाज पहिल्यापासून खणखणीत, समोरच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

"मला कशाला विचारताय साहेब? मी मूळची टायपिस्ट. सर्टिफिकेट तिथं भिंतीवर आहे. त्याला विचारा."

"नाखवाबाई, हा आदेश आहे माझा."

"मग लेखी पाठवा. आणि बदलीचाही पाठवा, उलटा."

साहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि बराच वेळ त्या फ्रेमकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसची जीप आंबिवलीला गेली. साहेब जातीने गेले. आमच्याकडे ड्रायव्हरशेजारची सीट साहेबांची. त्यांच्या बायकोलाही मी तिथं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

साडेअकराला जीप फाटकातून आत शिरली. पुढच्या सीटवर नाखवाबाई होत्या. मागे साहेब, बाईंचा डबा मांडीवर घेऊन.