सैंधवाची बरणी

गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढल्यावर डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. हेही घेतील आणि मरतील. पण आधी त्यांना उपाशी ठेवायचं. महिनाभर थायरॉइडची गोळी बंद, शेवटचे पंधरा दिवस दूधदही नाही, आणि रोजचं आयोडीनवालं मीठ अजिबात नाही.

मी इतवारीच्या बाजारातून सैंधव आणलं, त्यात आयोडीन घातलेलं नसतं, बरणीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली. गोळी बंद होऊन तीन आठवडे झाले तेव्हा माझा चेहरा सुजला होता. मे महिना, सगळे कूलरपुढे, आणि मी शाल पांघरून आतल्या खोलीत. ओट्यापाशी उभं राहवेना, म्हणून स्वयंपाक सासूबाईंकडे गेला. बरणीतलं मीठ कमी होताना दिसत होतं. मी निर्धास्त होते.

औषधाच्या दोन दिवस आधी लघवी तपासली. आयोडीन भरपूर निघालं. डॉक्टरांनी तारीख रद्द केली. "पेशींचं पोट भरलेलं आहे. आत्ता दिलं तर वाया जाईल."

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "आई, माझ्या भाजीत कोणतं मीठ घालता?"

"आपलं रोजचं."

"आणि बरणीतलं?"

"ते उपवासाचं आहे नं वं. कांद्यालसणाच्या भाजीत कसं टाकू? बाटते ते."

"मग कमी कसं झालं?"

"दोन सोमवार झाले, चतुर्थी झाली, एकादशी झाली. तुह्या नवऱ्यालेही सोमवार असते."

नवरा पेपर वाचत होता. "मला काय माहीत? मी खिचडी खाल्ली."

"कशी होती?" मी विचारलं.

त्याने पेपर वर धरला.

चिठ्ठीवर मी फक्त 'सैंधव' लिहिलं होतं. 'कॅन्सरचं मीठ' असं लिहायला हवं होतं. ते कोणी उपवासाला घेतलं नसतं.

आणखी पंधरा दिवस गोळी बंद राहिली. या वेळी मी स्टुलावर बसून स्वतःचं वरण स्वतः शिजवलं. तपासणी चांगली आली, औषध घेतलं, दवाखान्यात वेगळ्या खोलीत राहिले. जेवण दाराबाहेर ठेवून जात. काही दिवसांनी स्कॅन झालं. मानेत एक गाठ उरली होती, तिने आयोडीन घेतलंच नव्हतं.

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या ग्रंथीचा जपून ठेवलेला तुकडा जनुकांच्या तपासणीला पाठवला. एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं निघालं. त्यामुळे पेशीला वाढत राहा, वाढत राहा असा हुकूम सुटत राहतो, आणि आयोडीन आत घ्यायचं दार ती बंद करून टाकते.

"म्हणजे दार आधीपासूनच बंद होतं?"

"बहुतेक. ही गाठ कापूनच काढावी लागेल. पुन्हा आली तर तो हुकूम थांबवणाऱ्या गोळ्या आहेत, त्या बघू."

म्हणजे दुसरे पंधरा दिवसही मी फुकटच पथ्यात काढले होते.

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हनलं डाक्टरनं?"

मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजे मिठानं नाही झालं नं?"

"नाही."

"मी तेच म्हनून राहिली होती."

त्या असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या. महिनाभर त्या माझ्यासमोर धड जेवत नव्हत्या, हेही खरं. त्या संध्याकाळी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि सावनेरला बहिणीला फोन लावला. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते.

"नाही वं, मिठाचं काही नव्हतं. सुनेच्या पेशीतच खोट निघाली."

दुसऱ्या दिवशी बरणीवरची चिठ्ठी मी खरवडून काढली आणि बरणी त्यांच्या देवघराशेजारच्या फळीवर ठेवली.

"काहून वं? तुले नाही लागत आता?" त्यांनी विचारलं.

"नाही. मला आता कोणतंही मीठ चालतं."